अपडेट पुन्हा पुन्हा फसतंय? आधी कोड वाचा

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजचे सुरक्षा अपडेट सोडते. कंपनीच्या गावी, रेडमंडला, तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून आपली कटकट सुरू होते ती बुधवारी सकाळी. ऑफिसला लॉगिन करायची वेळ, स्क्रीनवर गोल फिरतंय, ३५ टक्के, ६० टक्के, रीस्टार्ट, आणि मग ती ओळ : बदल मागे घेतले जात आहेत, कॉम्प्युटर बंद करू नका. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारीही तेच.

माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर हे दीड महिना चालू होतं. मी एका रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो आणि सवयीप्रमाणे माहीत असलेले सगळे उपाय एकामागून एक करून टाकले. सर्व्हिस बंद केल्या, फोल्डरची नावं बदलली, कमांड चालवल्या. तीन तास गेले, अपडेट काही बसेना. शेवटी चहा पिताना एररचा कोड नीट वाचला तर त्याचा अर्थ होता, डिस्कवर जागा नाही. सी ड्राइव्हवर मावसभावाच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ होते, दोनदा कॉपी केलेले. ते पेन ड्राइव्हवर हलवले आणि पाऊण तासात अपडेट बसला.

तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी कोड, मग तो कोणत्या टप्प्यावर येतो, आणि मग औषध. इंटरनेटवर सापडणाऱ्या 'दहा उपायां'पैकी तुमच्या कामाचा बहुतेक वेळा एकच असतो. बाकीचे नऊ केल्याने नुकसान होईलच असं नाही, पण वेळ जातो आणि मूळ खूण पुसली जाते.

हात लावण्याआधी

दोन कामं, आणि दोन्हींना फाटा देऊ नका. पहिलं, कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुसरं, बिटलॉकरची (डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की हाताशी ठेवा. अनेकांना आपला लॅपटॉप एन्क्रिप्ट झालेला आहे हेच माहीत नसतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. दुरुस्तीच्या नादात बूटच्या मांडणीत काही बदललं, तर निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी आकडा मागितला जातो आणि तो नसेल तर डेटा गेला. त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून लॉगिन करा, 'डिव्हायसेस'मध्ये ती की दिसते. कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपमध्येच फाइल करून ठेवलीत तर कपाटाची किल्ली कपाटात ठेवल्यासारखं होईल.

लॅपटॉपला चार्जर लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि गावाकडे विजेचा भरवसा नसेल तर वीज टिकते ती वेळ निवडा. अपडेट बसत असताना वीज जाणं हेही बिघाडाचं एक कारण आहे.

कोड कुठे असतो आणि तो कसा वाचायचा

सेटिंग्ज उघडा, विंडोज अपडेटमध्ये जा, 'अपडेट हिस्ट्री' पाहा. फसलेल्या अपडेटचं नाव, त्याचा केबीने सुरू होणारा क्रमांक आणि शून्य-एक्सने सुरू होणारा कोड तिथे मिळेल. फोनने फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या एका उपायाने ही यादी रिकामी दिसू लागते.

या कोडचे शून्य-एक्सनंतरचे पहिले चार अंक खातं सांगतात. ८०२४ असेल तर तक्रार विंडोज अपडेटच्या यंत्रणेची. ८००एफ असेल तर विंडोजचे घटक बसवणाऱ्या भागाची. सी१९० असेल तर वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीच्या सेटअपची. आणि ८००७ असेल तर तो विंडोजचा साधा, जुना एरर क्रमांक आहे, फक्त दहाऐवजी सोळावर आधारलेल्या (हेक्साडेसिमल) पद्धतीने लिहिलेला. शेवटचे चार अंक घ्या, विंडोजचा कॅल्क्युलेटर 'प्रोग्रामर' मोडवर ठेवा, 'हेक्स' निवडून ते टाका आणि 'डेसिमल'समोरचा आकडा बघा. ८००७००७० मधले ००७० म्हणजे ११२. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेट हेल्पएमएसजी ११२' असं टाइप केलं की विंडोज स्वतःच एका ओळीत सांगतं, डिस्कवर पुरेशी जागा नाही. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप इंग्रजी अक्षरांत करायच्या. 'एमएसजी' म्हणजे एम, एस, जी ही तीन अक्षरं, 'हेल्प'ला जोडून.) मावशीकडे ही युक्ती पहिल्या पाच मिनिटांत वापरली असती तर मटण गरम असताना खाता आलं असतं.

नेहमी भेटणारे काही कोड असे. ८००७०४२२ म्हणजे १०५८ : सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) बंद करून ठेवलेली आहे. 'अपडेट कायमचे थांबवा' छापाचं एखादं टूल कधीतरी चालवलं असेल, तर हाच कोड येतो. ८००७०००५ : परवानगी नाही, बऱ्याचदा अँटिव्हायरस आडवा येतो. ८००७२ईई२ : सर्व्हरकडून वेळेत उत्तर नाही. ८००७२एफ८एफ : सुरक्षित जोडणी जमली नाही. हा कोड जुन्या डेस्कटॉपवर दिसला तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि चुकीच्या तारखेला सर्व्हरचं प्रमाणपत्र खोटं ठरतं. सीआर२०३२ सेल कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

८००७३७१२, ८००एफ०८३१ आणि ८००एफ०८१एफ हे तिघे एकाच घरचे : विंडोजच्या घटकांचा साठा बिघडला आहे किंवा त्यातली एखादी फाइल सापडत नाही. ८००एफ०९२२ म्हणजे बहुधा बूटचं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) भरलंय, किंवा व्हीपीएनमुळे (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) सर्व्हरशी बोलणं होत नाही. सी१९००१०१ म्हणजे ड्रायव्हर, यंत्राचा एखादा भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम.

८००७०६४३ मात्र काहीच सांगत नाही. त्याचा अर्थ १६०३, 'इन्स्टॉल करताना गंभीर चूक', म्हणजे डॉक्टरने 'तब्येत बरी नाही' असं निदान करावं तसं. त्याची गोष्ट पुढे येते.

डाउनलोडच पूर्ण होत नाही

टक्केवारी पुढे सरकत नसेल किंवा शून्यावर अडली असेल, तर बिघाड विंडोजच्या पोटात शोधू नका. व्हीपीएन बंद करा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाने अपडेट स्वतःच्या ताब्यात ठेवलेले असू शकतात. सेटिंग्जमध्ये 'तुमची संस्था नियंत्रित करते' अशा अर्थाची ओळ दिसली तर पुढचं काही करू नका, त्यांना फोन करा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू असण्याची शक्यता असते आणि मग विंडोज मोठे अपडेट रोखून धरतं. ती सूट देण्याआधी रोजचा डेटा किती उरला आहे ते बघा. दिवसाच्या दीड जीबीत मोठा अपडेट मावत नाही आणि मग डाउनलोड रोज अर्ध्यावर रेंगाळतं. शेजाऱ्याचं ब्रॉडबँड एका संध्याकाळपुरतं मागा.

नेट ठीक आहे तरी अडतंय, तर डाउनलोडचं फोल्डर बिघडलं असेल. सगळे सांगतात तो उपाय हाच, आणि त्याची खरी जागा इथे आहे. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. यादीत 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन्हींवर राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' या फोल्डरचं नाव बदलून शेवटी 'ओल्ड' जोडा. डिलीट करू नका, नुसतं नाव बदला. नाव बदलू देत नसेल तर सर्व्हिस मधल्या काळात पुन्हा सुरू झालेली असते; ती परत थांबवून लगेच बदला. दोन्ही सर्व्हिस सुरू करा, मशीन रीस्टार्ट करा, अपडेट तपासा. विंडोज ते फोल्डर नव्याने तयार करतं. अपडेट हिस्ट्री रिकामी दिसेल; घाबरू नका, बसलेले अपडेट कुठे गेलेले नाहीत.

एक बारीक गोष्ट. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. 'फास्ट स्टार्टअप'मुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा झोपतो, मरत नाही. अर्धवट राहिलेला अपडेट पूर्ण व्हायला 'रीस्टार्ट'च दाबावं लागतं. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असं मला नेहमी वाटतं.

जागा

महिन्याच्या अपडेटसाठी दहा-बारा जीबी आणि मोठ्या आवृत्तीसाठी पंचवीसच्या आसपास जागा मोकळी असली की मी निर्धास्त असतो. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, कंपनीचा नियम नव्हे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स' या वाटेने गेलं की काय काढता येईल ते दिसतं. तिथे 'डाउनलोड्स'समोरची खूण मात्र तपासा; त्यात लोकांची आधार कार्डं आणि मार्कशीट असतात.

विंडोज फोल्डरमधलं 'विनएसएक्सएस' प्रचंड मोठं दिसतं म्हणून हाताने रिकामं करू नका. हे मी स्वतः केलेलं आहे, कॉलेजात असताना, आणि त्या संध्याकाळी विंडोज नव्याने टाकत बसलो होतो. अपडेट ज्या सामानातून उभा राहतो ते सामान तिथेच असतं.

डाउनलोड होतं, पण बसत नाही

आता घटकांचा साठा, म्हणजे वरचं 'विनएसएक्सएस'. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करा, राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. पहिली कमांड : 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ'. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक स्पेस, रेघेनंतर नाही. ही कमांड साठ्यातल्या बिघडलेल्या फाइल शोधून मायक्रोसॉफ्टकडून नव्या आणते. मध्येच एखाद्या टक्क्यावर वीस मिनिटं ढिम्म राहते. राहू द्या. ती पूर्ण झाली की दुसरी : 'एसएफसी /स्कॅननाऊ'. ही त्या दुरुस्त साठ्यातून विंडोजच्या चालू फाइल सुधारते.

क्रम उलटा करू नका. विहिरीतच गढूळ पाणी असेल तर आधी हंडा घासून काय उपयोग? 'एसएफसी'ने 'काही फाइल दुरुस्त करता आल्या नाहीत' असं सांगितलं, तर 'डीआयएसएम' आणि 'एसएफसी' दोन्ही पुन्हा एकदा चालवा.

'डीआयएसएम'लाच ८००एफ०८१एफ हा कोड आला, तर तिला नव्या फाइल मिळाल्या नाहीत. तिथे फार झटू नका, सरळ खालच्या दुरुस्ती इन्स्टॉलकडे जा.

साठा ठीक आहे पण एकच विशिष्ट अपडेट बसत नाही, अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर केबी क्रमांक शोधून फाइल हाताने उतरवता येते. आपल्या मशीनच्या प्रोसेसरचा प्रकार एक्स-६४ आहे की आर्म, ते सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर पाहून तीच फाइल घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एका अपडेटसाठी दोन किंवा अधिक फाइल लागू शकतात, कारण मधल्या काही अपडेटना पायरी मानून पुढचे त्यांच्यावर रचले जातात. डाउनलोडच्या खिडकीत जितक्या फाइल दिसतील तितक्या सगळ्या घ्या आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर या टप्प्यावर तो नुसता 'पॉज' करून भागत नाही; पूर्ण काढा, रीस्टार्ट करा, अपडेट बसवा, मग परत टाका. मधल्या वेळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो.

रीस्टार्टनंतर माघार

निळ्या किंवा काळ्या स्क्रीनवर टक्केवारी वाढते आणि मग सगळं उलटं फिरतं, तेव्हा संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. प्रिंटर, बाहेरची डिस्क, ब्लूटूथचा डोंगल, कार्ड रीडर, सगळं काढा. कीबोर्ड आणि माउस तेवढे राहू द्या. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचे डिस्प्ले, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डमधला प्रोग्रॅम) नवे करा. बायोस करताना चार्जर लावलेलाच हवा, आणि त्याआधी बिटलॉकर थोड्या वेळासाठी 'सस्पेंड' करा.

माघारीची प्रक्रिया जुन्या हार्ड डिस्कवर तास-दीड तास घेते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर पॉवर बटणाला हात लावू नका. दोन-तीन तास दिवाही नाही, हालचालही नाही, अशा वेळीच बटण दाबून धरा. नंतर विंडोज सुरूच झालं नाही तर दोन-तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर दुरुस्तीची स्क्रीन आपोआप येते. तिथे 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या वाटेने शेवटचा अपडेट काढता येतो.

आता ८००एफ०९२२ मधलं ते बूटचं छोटं पार्टिशन. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात आणि विंडोज स्वतः करतं तेव्हा ते अनेकदा जेमतेम १०० एमबीचं असतं. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम किंवा लॅपटॉप कंपनीच्या फाइल तिथे साठल्या की ते भरतं. ते साफ करता येतं, पण चुकीची फाइल उडाली तर मशीन बूटच होणार नाही. हे काम कमांड लाइनचा सराव असलेल्या माणसाकडून करून घ्या.

८००७०६४३ ची गोष्ट

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हा अपडेट आला. विंडोजच्या रिकव्हरीतून, म्हणजे दुरुस्तीच्या स्क्रीनमागच्या यंत्रणेतून, बिटलॉकरला बगल देता येईल अशी एक भेग तो बुजवणार होता. जगभर असंख्य मशीनवर तो फसला आणि कोड आला ८००७०६४३. लोकांनी फोल्डरची नावं बदलली, 'एसएफसी' चालवलं, काहींनी अख्खं विंडोज नव्याने टाकलं. अपडेट तरीही फसायचा.

कारण साधं होतं. विंडोज इन्स्टॉल होताना कोपऱ्यात एक छोटं रिकव्हरी पार्टिशन तयार होतं, आणि या अपडेटला त्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ती अनेक मशीनवर नव्हती. नव्याने विंडोज टाकलं तरी जुनं पार्टिशन तेवढंच राहायचं. मायक्रोसॉफ्टने नंतर मान्य केलं की आपोआप तोडगा देता येणार नाही, पार्टिशन हाताने वाढवावं लागेल. कोडही नेमका नव्हता. खरी तक्रार जागेची होती.

यातून कामाची गोष्ट अशी की फसणाऱ्या अपडेटचा केबी क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या 'सपोर्ट' पानावर शोधणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे. 'ज्ञात अडचणी' नावाचा भाग तिथे असतो. चूक तुमच्या मशीनची नसेलच, तर तुमचा रविवार वाचतो. मशीनमध्ये रिकव्हरी चालू आहे का हे 'रीएजंटसी /इन्फो' या कमांडने कळतं ('रीएजंट'ला जोडूनच सी). पार्टिशन वाढवण्याचे टप्पे कंपनीने दिले होते, पण त्यात एक पार्टिशन पुसून नव्याने करावं लागतं. क्रमांक चुकला तर चुकीचं पुसलं जातं. बॅकअप नसलेल्या मशीनवर मी ते कधीही करणार नाही.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक वेगळी गोष्टही तपासावी. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलेलं नसेल तर अपडेट न येणं हा बिघाड नाही.

सगळं करूनही बसत नसेल तर

दुरुस्ती इन्स्टॉल. म्हणजे विंडोजवरच विंडोज पुन्हा बसवायचं, प्रोग्रॅम आणि फाइल जागच्या जागी ठेवून. फॉरमॅट मारायला सांगणारे खूप भेटतील, पण त्याआधी हे कराच.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'विंडोज अपडेट वापरून अडचणी दुरुस्त करा' अशा अर्थाचा पर्याय आणि त्यापुढे 'रीइन्स्टॉल नाऊ' हे बटण असतं. डाउनलोड नीट होत असेल तर हा सर्वांत सोपा रस्ता. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं विंडोज इन्स्टॉल करण्याची एकच फाइल) दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हने आणा. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, एनटीएफएस करून घ्या. फाइलवर डबल क्लिक केलं की ती डीव्हीडीसारखी उघडते. आतला 'सेटअप' चालवा. मशीन त्या फाइलवरून बूट करायचं नाही, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवायचं.

एका स्क्रीनवर 'पर्सनल फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय दिसायला हवा. तो फिका झालेला दिसला तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा कारण भाषेचं असतं. इंग्रजीचे दोन प्रकार मिळतात, अमेरिकन आणि 'इंटरनॅशनल', आणि आपल्याकडच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही आढळतात. मूळ विंडोज ज्या प्रकारचं, आयएसओही त्याच प्रकारची लागते. 'डीआयएसएम /ऑनलाइन /गेट-इंटल' ही कमांड मूळ सिस्टिमची भाषा सांगते ('इंटल' म्हणजे आय, एन, टी, एल). शेवटी यूएस दिसलं तर अमेरिकन, जीबी दिसलं तर इंटरनॅशनल उतरवा.

काम तास-दोन तासांचं. झाल्यावर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाने दहा दिवस राहतं, तेवढ्या मुदतीत मागे जाता येतं. सगळं ठीक वाटलं की 'टेम्पररी फाइल्स'मधून ते काढा, आणि आपण नाव बदलून ठेवलेलं फोल्डर अजून असेल तर तेही काढा.

आणि दुरुस्ती इन्स्टॉलही मध्येच तुटलं, किंवा ८००७०५७० म्हणजे 'फाइल खराब आहे' हा कोड प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी यायला लागला, तर विंडोज सोडा, डिस्क तपासा. 'सीएचकेडीएसके सी: /स्कॅन' ही कमांड चालवा, डिस्क कंपनीचं आरोग्य तपासणारं टूल चालवा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि तिच्यातून टकटक आवाज येत असेल, तर सगळे उपाय थांबवून त्याच दिवशी फाइल बाहेर काढा आणि एसएसडी घ्यायला बाजारात जा.